ओपनिंग बाजूला ठेवा, आधी कोडी सोडवा. पटतंय का?

सातवी रांग

शाळेत असताना बुद्धिबळ खेळायचो, मग वीस वर्षं पट माळ्यावर पडून होता. २०२१ मध्ये पुन्हा सुरुवात केली आणि मोठेपणी खेळाकडे वळलेले बहुतेक जण करतात तेच केलं, ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींच्या, मागे लागलो. सिसिलियन पाठ, लंडन पाठ, दहाव्या चालीपर्यंत सगळं घोटलेलं. अकराव्या चालीला घोडा फुकट.

२०२३ च्या जूनमध्ये हरलेले ३० डाव काढून बसलो. त्यातल्या २३ डावांत पराभवाचा ओपनिंगशी काडीचा संबंध नव्हता. कुठे समोरच्या घोड्याने राजा आणि हत्ती एकदम धरले, कुठे माझा उंट पिनमध्ये अडकला (हलला की मागचा मोठा मोहरा जातो), कुठे मागच्या रांगेवर हत्ती उतरला आणि माझ्या राजाला पळायला घरच नव्हतं.

त्या दिवसापासून ओपनिंग बंद. लास्लो पोल्गार यांचं ५३३४ कोड्यांचं जाडजूड पुस्तक घेतलं. (सुझान, सोफिया आणि ज्युडिट या तिघी बहिणींचे हे वडील.) एका चालीत मात ३०६, दोन चालींत ३४१२, तीन चालींत ७४४, त्यापुढे छोटे डाव आणि थोडे एंडगेम (मोजके मोहरे उरल्यावरचा डावाचा शेवटचा टप्पा). रोज पहाटे २० कोडी, चहा होईपर्यंत. दोन वर्षांत फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग १२१२ वरून १६१० झालं.

माझं ठाम मत आहे की १६०० च्या खालच्या खेळाडूने दुसरं काहीही शिकण्यात वेळ घालवू नये. मोहरे बिनआधार लटकत असताना प्याद्यांच्या रचनेवर विचार करणं म्हणजे छप्पर गळत असताना भिंतीला रंग देणं.

मिरजेचे सर

असहमत, आणि आधी आकड्याबद्दल लिहितो. १ मार्च २०२४ ला फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदाच वर उचललं. २००० आणि तुमचं रेटिंग यातल्या फरकाचे ४० टक्के मिळाले. १२१२ असेल तर फरक ७८८, त्याचे ४० टक्के ३१५. म्हणजे काहीही न करता १५२७. तुमची स्वतःची कमाई ८०-८५ गुणांची. ती कमी नाही, कष्टाचीच आहे, पण ३९८ गुण कोड्यांनी मिळवून दिले असं वाचून कोणी त्या हिशेबाने मेहनत करायला जाईल, म्हणून लिहिणं भाग होतं.

आता मुद्दा. मी बावीस वर्षं मुलांना शिकवतोय. कोडं सोडवताना पानावर लिहिलेलं असतं, ‘पांढऱ्याची खेळी, दोन चालींत मात’. अर्धं उत्तर त्या मथळ्यातच आहे. इथे काहीतरी आहे हे मुलाला कळलेलं असतं, म्हणून ते वजीर द्यायलाही कचरत नाही. स्पर्धेच्या हॉलमध्ये तुमच्या खांद्यावर हात ठेवून कोणी सांगत नाही की दादा, जरा थांब, या चालीला बघ. खरं कौशल्य कुठे थांबायचं हे ओळखण्यात आहे, आणि कोड्यांचं पुस्तक नेमकं तेच शिकवत नाही.

माझ्याकडची कितीतरी मुलं अ‍ॅपवर २००० च्या पुढे असतात आणि पटावर बसली की समोरच्याने काय धमकी दिली तेसुद्धा बघत नाहीत. कोड्यात समोरचा फक्त मरायला बसलेला असतो.

ओवीची आई

सर, हे अगदी घरातलं लिहिलंत. आम्ही नागपूरचे. २८ जुलै २०२५ ला आमच्या नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली, तेव्हापासून आमच्या कॉलनीत घरोघरी पट निघालेत. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिच्या क्लासमधून रोज अ‍ॅपवर ५० पझल्सचा गृहपाठ असतो. ती तो सोळा मिनिटांत संपवते. मी एकदा शेजारी बसून पाहिलं. पहिली शहाची चाल करून बघते, चुकली की दुसरी. अ‍ॅप चूक दाखवतं, ती पुढे जाते. विचार कुठे झाला?

मी बुद्धिबळ खेळत नाही, पण शिक्षिका आहे. गणितात उत्तर बघून उदाहरण सोडवणारं मूल मला लांबून ओळखू येतं. आता मी तिला दिवसाला फक्त सहा देते. खरा पट मांडायचा, हात मांडीवर, आणि पूर्ण उत्तर वहीत लिहायचं, समोरच्याच्या चालींसकट. मगच पान उलटायचं. पहिले आठ दिवस रडारड झाली.

अमरावती एक्सप्रेस

पुस्तक की अ‍ॅप हा वादच मला नको वाटतो. परदेशी पुस्तकं महाग असतात आणि आमच्याकडच्या दुकानांत मिळत नाहीत. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर लाखो पझल्स फुकट आहेत, तीही खऱ्या डावांतून काढलेली. फोर्क (एकाच मोहऱ्याने दोघांवर हल्ला) हवाय तर फोर्क, मागच्या रांगेवरची मात हवी तर ती. आणि विषय न निवडता मिश्र लावली तर सर म्हणतात तो मथळाही जातो. आमच्या घरात पहिला पट यायच्या आधी मोबाइलवर मी बुद्धिबळ शिकलो. गरीब मुलासाठी ते अ‍ॅपच क्लास आहे. त्याला नावं ठेवू नका.

धागाकर्त्यांना पाठिंबा. स्वीडनच्या हान्स टिक्कानेनने कोड्यांचा एकच संच पुन्हा पुन्हा सोडवला, दरवेळी आधीपेक्षा कमी वेळात, आणि २०१० च्या उन्हाळ्यात सात आठवड्यांत ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारे तिन्ही नॉर्म (स्पर्धेतल्या ठरावीक दर्जाच्या कामगिऱ्या) मिळवले. पुढे या पद्धतीवर जे पुस्तक आलं त्यात ११२८ कोडी आहेत. एकदा सोडवून सोडून देण्यात अर्थ नाही, हात आपोआप जाईपर्यंत घोटायची.

मिरजेचे सर

मिश्र पझल लावलं तरी ‘इथे काहीतरी आहे’ हा मथळा राहतोच, कारण काही नसलेली स्थिती अ‍ॅप देतच नाही. आणि टिक्कानेन तेव्हा आधीच इंटरनॅशनल मास्टर होता, ग्रँडमास्टरच्या एकच पायरी खाली. एंडगेम, रचना, सगळं पाठीशी असलेल्या माणसाने वरून टॅक्टिक्सची, म्हणजे फोर्क-पिनसारख्या डावपेचांची, धार लावली. आपण १३०० च्या खेळाडूबद्दल बोलतोय.

अ‍ॅपच्या फुकटपणाबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के खरं. माझ्याही अनेक मुलांना तेवढाच आधार आहे.

हत्ती-प्यादं

सगळे टॅक्टिक्सवरच भांडताय म्हणून एक डाव सांगतो. मागच्या वर्षी स्पर्धेची शेवटची फेरी, दोघांकडे एकेक हत्ती, समोरच्याकडे एक प्यादं जास्त. माझा राजा प्याद्याच्या वाटेत उभा, त्याचं प्यादं पाचव्या रांगेत (रांगा त्याच्या बाजूने मोजतोय). ही जुन्या फ्रेंच खेळाडू फिलिडोरची बरोबरी, अडीचशे वर्षं माहीत असलेली. आपला हत्ती सहाव्या रांगेवर आडवा ठेवायचा, त्याच्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही. प्यादं सहाव्या रांगेत सरकलं की त्याच्या राजाचा आडोसा गेला, मग हत्ती थेट पहिल्या रांगेवर नेऊन मागून शह देत राहायचं. एवढंच.

मला ते माहीत नव्हतं. मी शहाच्या आणि फोर्कच्या शोधात हत्ती नाचवत राहिलो, कारण वर्षभर मी तेच केलं होतं, आणि हरलो. चार तासांची मेहनत अर्ध्या तासात शिकता येणाऱ्या गोष्टीपायी गेली. १६०० खालच्याने ‘दुसरं काहीही’ शिकू नये हे वाक्य म्हणून मला मान्य नाही. किमान राजा-प्यादं आणि हत्तीचे दोन-तीन एंडगेम हवेतच.

सातवी रांग

सर, मार्च २०२४ ची वाढ मी मूळ लेखनात सांगायला हवी होती, चूक कबूल. वाचणाऱ्यांनी ८० हाच आकडा धरावा.

हत्ती-प्यादं, तुमचं म्हणणंही घेतलं. ‘दुसरं काहीही’ हे शब्द मागे घेतो. पण किती डाव हत्तीच्या एंडगेमपर्यंत पोचतात? माझ्या ३० पैकी चार. बाकीचे त्याआधीच संपले होते, मोहरा देऊन. आधी त्या घरापर्यंत जिवंत पोचायचं तर कोडीच लागतात.

मथळ्याच्या आक्षेपावर मात्र ठाम आहे. ओळखच नसेल तर थांबणार कशासाठी? वजिराचा शह, राजा कोपऱ्यात, घोड्याचा शह, राजा बाहेर, मग घोडा हलून दुहेरी शह, राजा पुन्हा कोपऱ्यात, वजीर देऊन हत्तीने घ्यायला लावायचा आणि घोड्याने मात. हे चित्र ज्याने पन्नासदा पाहिलंय तोच राजा कोपऱ्याजवळ दिसला की थबकेल.

मिरजेचे सर

मुद्दा चांगला आहे, म्हणून त्यावरच बोलतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये एक प्रयोग केला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून पुन्हा मांडायला सांगितली. मास्टर नवशिक्यापेक्षा कितीतरी पुढे. तेच मोहरे पटावर कसेही विखुरले, तर मास्टरची आघाडी जवळपास संपली. चित्रं डोक्यात साठतात हे तुमचं खरं, पण ती खऱ्या डावांतली असावी लागतात. पोल्गारच्या त्या ३४१२ मधली कितीतरी कोडी मुद्दाम रचलेली आहेत. सुंदर आहेत, मीही सोडवली. पण तसे मोहरे कोणाच्याही डावात उभे राहत नाहीत.

माझी एक विनंती ऐका. ते २३ हरलेले डाव अजून आहेत ना? प्रत्येकात चूक झाली त्याच्या तीन चाली आधीची स्थिती कागदावर काढा. मथळा काही नाही, नुसतं ‘तुमची खेळी’. घरच्या कोणाकडून कागद पिसून घ्या आणि त्यात जिंकलेल्या डावांतल्या दहा साध्या स्थिती मिसळा. प्रत्येकीपासून चार चाली पुढे खेळा, समोरून संगणकाचं इंजिन.

ओवीची आई

सर, हे दहा वर्षांच्या मुलीला जमेल? तिच्या डावांच्या नोंदवह्या मी जपून ठेवल्यात.

मिरजेचे सर

जमेल. पण एका बैठकीत दोनच स्थिती द्या, आणि ती कोणत्या डावातली ते सांगू नका.

सातवी रांग

बारा दिवसांनी लिहितोय. बायकोने कागद पिसून दिले. आतापर्यंत १४ स्थिती खेळलो, त्यातल्या नऊ हरलेल्या डावांतल्या. नऊपैकी पाच ठिकाणी या वेळी वाचलो. त्या पाचही मागच्या रांगेवरच्या माता किंवा घोड्याचे फोर्क होते, कोड्यांमुळे लगेच दिसले. चार ठिकाणी पुन्हा तीच चूक केली, दोन वर्षांनी, त्याच घरात.

मिरजेचे सर

ती चार कसली होती?

सातवी रांग

चारही ठिकाणी मला माझा हल्ला दिसत होता. त्याने शेवटची चाल का केली ते मी विचारलंच नव्हतं. उरलेले कागद या रविवारी.