साक्षीच्या आधी उधारी: शिष्यत्व वर्गाविषयी माझं कडू मत

उधारवही (तासगाव)

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, विश्वासात वाढायला शिकवणारा बारा आठवड्यांचा शिष्यत्व वर्ग चालू होता, तो गेल्या रविवारी संपला. उपासनेनंतर सर्टिफिकिटं वाटली, पाळकसाहेबांबरोबर फोटो झाले, मागे हॉलमध्ये महिला मंडळाचा पुलाव. त्याआधी एका बंधूंनी साक्ष दिली. विश्वासात कसा वाढलो, पहाटे चारला प्रार्थनेला कसा उठतो, शांती कशी मिळाली. रडले. निम्मी मंडळी रडली. मी तिसऱ्या बाकावर बसून एकच आकडा घोळवत होतो: ४१,३००.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. या बंधूंनी द्राक्षबागेच्या ऑक्टोबरातल्या छाटणीची दोन हंगामांची औषधं माझ्याकडून उधार नेलीत. आधी फोन उचलायचे, मग उचलेनासे झाले. आता चर्चच्या दारात दिसलो की लांबूनच 'सलाम' घालतात आणि गाडीला किक मारतात.

बायबलातल्या जक्कय जकातदाराचं बघा. लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात तो उभा राहून काय बोलतो? 'मला फार शांती वाटते' असं नाही बोलत. निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत. हिशेबच बोलला सरळ. मत्तय ५ मध्ये तर प्रभू म्हणतो, अर्पण वेदीपाशी राहू दे, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. आमच्याकडे अर्पण आधी, रडणं आधी, सर्टिफिकीट आधी. भाऊ मात्र तिसऱ्या बाकावर.

म्हणून माझी सूचना. ज्याला शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा वर्ग), तरुण संघ किंवा व्यासपीठ द्यायचं, त्याच्याविषयी आधी तिघांना विचारा: त्याच्या रानात राबणारा गडी, त्याला उधार देणारा दुकानदार आणि त्याची बायको. पहाटे कितीला उठतो ते देवाला ठाऊक आहे, आम्हाला कळलं नाही तरी चालेल.

आता हाणा मला.

पाळकाचा मुलगा (सातारा)

हाणतोच काका, पण मानाने.

जक्कयाची गोष्ट तुम्ही उलटी वाचलीत. प्रभूला बघायला तो झाडावर चढलेला असतानाच प्रभू म्हणाला, 'आज मला तुझ्या घरी उतरायचंय.' तेव्हा त्याने एक दमडी फेडली नव्हती. आधी पाहुणा घरी आला, मग तिजोरी उघडली. तुमच्या नियमाने प्रभूला यरीहोतल्या दुकानदारांकडे चौकशी करूनच त्याच्या घरी जेवायला जावं लागलं असतं. कृपा आधी, शील नंतर. हे उलटं केलं की मंदिरातल्या, स्वतःला धार्मिक समजणाऱ्या त्या परूश्याची प्रार्थना सुरू होते: 'मी ह्या जकातदारासारखा नाही.' तुमच्या लिहिण्यात तो सूर थोडा ऐकू येतो, राग मानू नका.

आणि मत्तय ५ काढलंत, तर १८ पण काढा. भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा, तू आणि तो, दोघंच असताना बोल. तुम्ही त्यांच्या घरी गेला होतात का? की थेट इथे सगळ्यांसमोर लिहिलंत?

उधारवही

दुकान सोडून कुठे जाऊ बाळा? फोन करतो की.

बरं, घरी नाही गेलो. मान्य. पण प्रश्न माझ्या पैशांचा नाही, व्यासपीठाचा आहे. प्रभू जक्कयाच्या घरी गेला, त्याला सभास्थानात उभं करून संदेश द्यायला लावलं नाही.

मिरज नाइट ड्यूटी

मी नर्स आहे, चोवीस वर्षं झाली. सांगलीहून मिरजेला रोज वानलेसवाडीवरूनच जाते. मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभारला. नंतर त्यांना 'सर' किताब मिळाला, हे आपल्या मंडळीत शंभरदा ऐकलंय. ते मोठे होतेच. पण मी विश्वासात वाढले असेन तर ती एका सिस्टरमुळे, जिचं नाव कुठल्याच पाटीवर नाही.

थंडीच्या दिवसांत ती पेशंटला बेडपॅन द्यायच्या आधी गरम पाणी ओतून घ्यायची. स्टीलची असायची तेव्हा, बर्फासारखी गार. पाणी टाकायची, कोरडी पुसायची, हाताच्या मागच्या बाजूला लावून बघायची, मग द्यायची. रात्री तीन वाजता. बघायला मी एकटी, आणि मी पण बहुतेक वेळा पेंगत असायचे. मी विचारलं तर म्हणाली, 'तुझ्या आईला दिली असतीस का गार?' वचन नाही, उपदेश नाही.

एकदा तिने वॉर्डबॉयला सगळ्यांदेखत फाडकन बोलून घेतलं. चूक त्याची नव्हती. दुसऱ्या दिवशी राउंडच्या आधी, पुन्हा सगळ्यांदेखतच, तिने त्याची माफी मागितली. मी तेव्हा एकवीसची, चाटच पडले. बारा आठवडे सोडा, बारा वर्षं वर्गाला बसले असते तरी ते मला कुणी शिकवलं नसतं. उधारवहीदादांचं मला निम्मं पटतं. निम्मं अशासाठी की ती सिस्टर भयंकर तापट होती. तिघांना विचारलं असतं तर दोघांनी तक्रारच केली असती.

विट्याचा २४

सगळे मोठे आहात, पण मी बोलणार. मी असाच एक वर्ग केलाय, दुसऱ्या मंडळीत. मला मोबाईलवरच्या रमीचं व्यसन होतं. साठ हजार घालवले, त्यात आईच्या पाटल्या गेल्या. पाळकांनी प्रार्थना केली, मी रडलो, घरी येऊन परत खेळलो. असं चार वेळा झालं.

वर्गात बायबलातल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय घेतला होता. विश्वासात सात्त्विकतेची भर घाला, मग ज्ञानाची, इंद्रियदमनाची, धीराची, सुभक्तीची, बंधुप्रेमाची, प्रीतीची. मी तिसऱ्यावरच अडकलो. सर म्हणाले, ही जिन्याची पायरी नाही, आमटीत मीठ-मसाला घालतात तशी भर आहे, सगळं एकदम शिजतं. बरं. पण खरं काम त्या धड्याने नाही केलं. दर गुरुवारी एक वडील मला फक्त एवढंच विचारायचे: 'ह्या आठवड्यात खेळलास का?' हो म्हटलं तरी चहा, नाही म्हटलं तरी चहा. सातव्या आठवड्यात पहिल्यांदा 'नाही' म्हटलं, ते खरं होतं. मग आठव्या आठवड्यात खोटं बोललो. त्यांना कळलं. पुढच्या गुरुवारी परत तोच प्रश्न, तोच चहा.

पाटल्या अजून परत केलेल्या नाहीत. काकांच्या नियमाने मी वर्गात पायच ठेवू शकलो नसतो.

उधारवही

वर्गात ये की रे. बाकावर कुणीही यावं. मी व्यासपीठाचं बोलतोय, हे तिसऱ्यांदा लिहितोय. आणि तुझे ते वडील दर गुरुवारी विचारत होते ना? मी तरी दुसरं काय मागतोय? विचारा म्हणतोय. आमच्याकडे कुणी विचारतच नाही, नुसती हजेरी मांडतात.

साडेतीन एकर

दुकानदाराने शेतकऱ्याला उधारी शिकवावी, मज्जा आहे. काय ओ, तुमच्या त्या बंधूची बाग एप्रिलात बघितली का ऑक्टोबरात?

ज्यांना द्राक्ष फक्त गाड्यावर माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही वर्षात दोनदा छाटतो. एप्रिलात खरड छाटणी. सगळी वेल एकेका डोळ्यावर, म्हणजे काडीवरच्या कोंबावर, आणून ठेवायची. बाग बोडकी होते, नवखा बघून म्हणेल वाटोळं केलं. मग काडी फुटते, वाढते, आणि दीड-दोन महिन्यांच्या आसपास त्या काडीच्या डोळ्याच्या पोटात घड ठरतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्या दिवसांत ऊन मिळालं नाही, ढगाळ राहिलं, का युरिया जादा झाला, की काडी हिरवीगार, जाडजूड, आणि पोटात घडच नाही. ऑक्टोबरला फळछाटणी करायची तेव्हा कुठं घड डोळ्याला दिसतो.

योहान १५ मध्ये पिता माळी आहे म्हटलंय. फळ देणाऱ्या फाट्यालाच तो छाटतो, जादा फळ यावं म्हणून. मग तुम्ही मे महिन्यात बागेत शिरून 'घड कुठाय, घड कुठाय' करताय. थांबा की जरा. लूक १३ मधलं अंजीर आठवा. तीन वर्षं फळ नाही, तरी माळी म्हणाला अजून एक वर्ष द्या, आळं खणतो, खत घालतो.

उधारवही

आता सापडलात पाटील! ऑक्टोबर छाटणीच्या आधी काडी तपासायला लॅबला कोण पाठवतं? तुम्हीच ना? डोळा कापून भिंगाखाली बघता, घड आहे का, कितव्या डोळ्यावर आहे, मग कात्री लावता. आंधळी छाटणी करत नाही कुणी. मंडळीनेही कुणाला पुढे करायच्या आधी काडी तपासावी, एवढंच माझं मागणं.

आणि अंजिराचं शेवटचं वाक्य गाळलंत. नाही आलं फळ तर तोडा, हे पण माळीच म्हणतो.

साडेतीन एकर

काडी तपासणीचं बरोबर हाय. तिथं हरलो. पण पाच-दहा काड्या कापतो, सगळी बाग नाही.

कोरेगावची सून

इतका वेळ वाचत होते. पैसा, द्राक्ष, पैसा. गलतीकरांस ५ मधली नऊ फळं कुणी मोजली का? प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. उधारी फेडणं त्यातल्या एका विश्वासूपणात बसतं. बाकीच्या आठांचं काय?

माझे सासरे चर्चच्या पंच कमिटीत होते. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, पहिल्या रविवारी, पाकिटात, कोऱ्या नोटा. कुणाचा एक रुपया ठेवला नाही. दुकानदाराला विचारा, गड्याला विचारा, 'देवमाणूस' म्हणतील. आणि सासूबाईंना विचारलंत तर त्या 'छान आहेत' म्हणतील, कारण तुम्ही गेल्यावर त्यांना त्याच घरात राहायचं असतं. बायकोला विचारा म्हणणाऱ्या दादांनी ह्याचा विचार केलाय का?

ह्या देवमाणसाने मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून अकरा वर्षं तिचं नाव घेतलं नाही. प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) दर महिन्याला घेतलं. मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, ह्या माणसाच्या विश्वासाला एक पान फुटलेलं नाही.

मागच्या नाताळात वन्सं आल्या. मीच बोलावलं होतं, घाबरत. सासरे आता थकलेत, हात थरथरतो. त्या दारात उभ्या, सासरे खुर्चीत. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग सासरे म्हणाले, 'जेवलीस का?' बस. ना माफी, ना मिठी. मी करंजीचं ताट आणलं, त्यांनी थरथरत्या हाताने तिच्यापुढे सरकवलं.

ही वाढ आहे का? मी म्हणते आहे. कुणाला साक्ष म्हणून सांगण्यासारखी नाही, हे पण खरं.

माळकरी शेजारी (कराड)

परक्या घरात बोलतोय, माफी असावी. आमच्यातही हेच. गळ्यात माळ पडली की दुकानदार उधार द्यायला बिचकत नाही, आणि काही जण तेवढ्यासाठीच घालतात. वाईट वाटतं ते खऱ्यांसाठी. कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले असं म्हणतात, ते साताऱ्याचे का?

पाळकाचा मुलगा

मूळचे कोकणातले, शेवटी साताऱ्यात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास घेऊन साताऱ्याला आले. इथे 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताच्या शिष्यांचा मेळा, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र. कागद बघून शिष्य ठरवायचा नाही, हाच त्याचा गाभा. म्हणून मला ही सर्टिफिकिटंही पटत नाहीत आणि काकांची तिघांची चौकशी समितीही.

विट्याचा २४

पण तो दरबार पुढे किती चालला?

पाळकाचा मुलगा

टिळक १९१९ मध्ये गेले. फार नाही चालला.

विट्याचा २४

तेच. दर गुरुवारी विचारणारं कुणीतरी लागतं.

उधारवही

चार दिवसांनी येतोय. गेलो होतो. दोघंच असताना, मत्तय १८ प्रमाणे, पोराने टोचलं म्हणून.

ओसरीवर बसलो. त्यांनी न विचारता कपाटातून डायरी आणली. माझी सगळी बिलं तारखेनिशी उतरवलेली. माझ्या वहीत ४१,३००, त्यांच्या डायरीत ४१,८५०. एक पंप दुरुस्तीचं बिल मीच मांडायला विसरलो होतो. गेल्या हंगामात व्यापाऱ्याने माल उचलला, दोन चेक दिले आणि नंबर बंद. हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, साक्षीत सांगायचं होतं की. तर म्हणाले, 'सांगणार होतो. तुम्ही समोर बसला होता.'

पाच हजार दिले. माझं व्यासपीठाविषयीचं मत बदललेलं नाही. डायरी लिहिणं आणि फोन उचलणं ह्या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी ते करत नव्हते. तेही म्हणाले, तरुण संघ एवढ्यात घेत नाही.

निघताना चपला घालत होतो तेव्हा हळूच म्हणाले, परवा छाटणी आहे, पेस्टचं औषध उधार मिळेल का. मी 'बघतो' म्हणून आलो. बायको म्हणते देऊ नका. तुम्ही काय म्हणता?

पाळकाचा मुलगा

आता मला विचारू नका काका.

साडेतीन एकर

द्या नाहीतर देऊ नका, पण आज सांगा त्याला. छाटणी झाल्यावर दोन दिवसांत पेस्ट लागली पायजे. उशीर झाला तर डोळे मागंपुढं फुटतात, आणि मग पुढच्या वर्षी पण तुमची वही तशीच.