हॅरी राइट : क्रिकेटच्या मैदानातून आलेला बेसबॉलपटू

‘अमेरिकेतील पहिल्या व्यावसायिक बेसबॉलपटूंचा क्रिकेटशी काही संबंध नव्हता’ असे वर एका प्रतिसादात म्हटले आहे, ते मला पटत नाही. हॅरी राइट यांचेच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म 1835 मध्ये इंग्लंडमधील शेफील्डचा. वडील सॅम राइट न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे पगारी खेळाडू होते आणि हॅरीही तेथेच क्रिकेट खेळत मोठे झाले. सिनसिनाटीलाही ते गेले ते क्रिकेट क्लबच्या नोकरीवर, बेसबॉलसाठी नव्हे!

1869 मध्ये याच शहरातील ‘रेड स्टॉकिंग्ज’ हा उघडपणे सर्वच खेळाडूंना पगार देणारा पहिला संघ त्यांनी उभा केला. त्यात कर्णधार हॅरी यांना 1200 डॉलर मिळत, तर धाकटे बंधू जॉर्ज यांना 1400. थोरल्याने हे कसे पचवले असेल, असा प्रश्न मनात येतोच. त्या संघाच्या वेगवान चेंडूंना फलंदाज सरावले की हॅरी मध्य क्षेत्ररक्षण सोडून स्वतः चेंडू टाकायला येत आणि इतका संथ चेंडू टाकत की आधीच्या वेगाची सवय झालेल्या फलंदाजाचा अंदाज चुके. हा संघ अखेर हरला तो 14 जून 1870 रोजी ब्रुकलिनमध्ये, अकरा डावांनंतर 8-7 असा. पुढे बॉस्टनच्या संघाला हॅरी यांनी 1872 ते 1875 अशी सलग चार विजेतेपदे मिळवून दिली.