मेंढ्या उलटल्या (गाभ न राहता पुन्हा माजावर आल्या), परत हार्मोन द्यायचं का? लवकर सांगा

कळपवाला:
माजासाठी योनीत हार्मोनचे स्पंज बसवले होते. काढताना इंजेक्शनही दिलं. दोन दिवसांत झाडून सगळ्या माजावर आल्या, फळल्या. आता कालपासून 14 मेंढ्या पुन्हा शेपूट हलवत नराभोवती फिरतायत. एवढी खटपट वाया! परत हार्मोन देऊ की एडी3ई (अ, ड3, ई जीवनसत्त्वांचं इंजेक्शन) टोचू? बाटली घरात आहे. किती मिली तेवढंच सांगा, उद्या सकाळी द्यायचंय.

रानवाट:
एकूण मेंढ्या किती? स्पंज किती दिवस ठेवले? इंजेक्शन कसलं? काढून किती दिवस झाले?

कळपवाला:
22. 14 दिवस. पीएमएसजी (बीज पिकवणारं हार्मोन), 400 युनिट. काढून आज 19 दिवस. सगळं डॉक्टरांनी केलंय, त्यात चूक नाही.

जुनंखोड:
हार्मोनच्या नादी लागूच नका. नर महिनाभर लांब बांधा, दिसायला नको की वास यायला नको. मग एकदम कळपात सोडा. आम्ही आयुष्यभर हेच केलं.

रानवाट:
दादा, ते माज बंद असलेल्या मेंढ्यांसाठी. यांच्या तर माजावरच आहेत.

जुनंखोड:
माझ्या कळपात चालतं. पुस्तकी बोलू नका.

हिरवाचारा:
ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम द्या. माझ्याकडे त्यानंच फरक पडला.

पशुसेवक:
सेलेनियम अंदाजाने टोचू नका. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यात अंतर फार थोडं असतं, आणि क्षारमिश्रणातून ते आधीच पोटात जात असेल तर आणखी धोका. ‘अ’ जीवनसत्त्वाचा उपयोग कळप कित्येक महिने नुसत्या वाळल्या चाऱ्यावर असेल तर. चारा काय देता?

शेळीवाली:
माझी शेळी 21 दिवसांनी उलटते. तिला काय देऊ?

रानवाट:
ताई, वेगळा धागा काढा ना.

झटपट:
सगळ्यांना प्रोस्टाग्लँडिनची (पुन्हा माजावर आणणारं हार्मोन) दोन इंजेक्शनं द्या, 10 दिवसांच्या अंतराने. सगळा कळप पुन्हा एकदम माजावर येतो.

पशुसेवक:
अजिबात नको! न उलटलेल्या 8 मेंढ्या गाभण असू शकतात, त्या गाभडतील. घरात कोणी बाई गरोदर असेल तर तिने त्या बाटलीला हातसुद्धा लावू नये. कळपवाला, नर किती सोडले होते?

कळपवाला:
एकच. चांगला दांडगा आहे, गेल्या वर्षी सगळा कळप त्यानंच फळवला.

पशुसेवक:
गेल्या वर्षी मेंढ्या पुढंमागं माजावर आल्या असणार. यंदा 22 एकदम आल्या. स्पंजनंतर सात-आठ मेंढ्यांमागे एक नर तरी हवाच. दुसऱ्या दिवशी त्याची अवस्था काय होती?

कळपवाला:
दुपारी सावलीत बसला तो बसलाच. मेंढी डोक्याने ढुसण्या देत होती, तरी उठेना. मला वाटलं पोट बिघडलं, म्हणून खुराक कमी केला.

रानवाट:
मग नरच दमला, दोष ना हार्मोनचा, ना जीवनसत्त्वाचा. स्पंज काढल्यावरचे दोन दिवस आणि माजाचं चक्र 17 दिवसांचं, हिशोब बरोबर जुळतो. काही टोचू नका. माज जेमतेम दीड दिवस टिकतो, आजच दुसरा नर मिळवा. नराच्या छातीला गेरू आणि तेल फासा, म्हणजे कोण फळली ते पाठीवर दिसेल.

पशुसेवक:
आणलेल्या नराची वृषणं आधी हाताने चाचपून बघा. गाठ किंवा सूज असेल तर सोडू नका. आणि तुमच्या नराचा खुराक पूर्ववत करा.

हिरवाचारा:
सेलेनियमला उगाच बदनाम करताय.

कळपवाला:
शेजाऱ्याचा नर आणलाय, चाचपून बघितला. त्या 8 बाजूला काढल्या. संध्याकाळपर्यंत पाच पाठी लाल झाल्यात. चारा चार महिने वाळलाच आहे. आता तरी एडी3ई किती द्यायचं ते सांगा.

पशुसेवक:
बाटलीवर दर मिलीत किती युनिट लिहिलंय ते आधी लिहा.