मदत हवी आहे : भावाला क्लोझापिन सुरू होतंय, घरी येऊन रक्त घेणारं कोणी? (कळवा, ठाणे)

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ, वय 27, चार वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. भिंतीपलीकडचे लोक आपल्याबद्दलच बोलतात असं त्याला ऐकू येतं. स्विचबोर्डाची भोकं त्याने पेपरचे बोळे कोंबून बुजवलीत. पण आम्हाला जास्त खुपतं ते त्याचं गप्प बसणं. चार-चार दिवस अंघोळ नाही, क्रिकेटचं नाव नाही. आधी आळशी म्हणून ओरडायचो. हेही आजाराचंच लक्षण, हे फार उशिरा कळलं.

या आजारावरचं रिस्पेरिडोन हे औषध झालं, दुसरं ओलान्झापिनही पुऱ्या डोसात झालं. (मध्ये गोळ्या तुळशीच्या कुंडीत सापडल्या, तेव्हापासून आई समोर बसून देते.) आवाज थांबले नाहीत, म्हणून आता क्लोझापिन. त्याने पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होऊ शकतात, त्यामुळे पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं. हा रिक्षात बसायला तयार नाही, लॅबमध्ये कुठून बसणार!

कळवा-खारेगाव भागात घरी येऊन शांतपणे रक्त घेणारं कोणी आहे का? ज्यांच्याकडे हे औषध चालू आहे, त्यांनी लाळ गळणं आणि बद्धकोष्ठता कशी सांभाळली? पोट साफ होतंय का यावर डॉक्टरांनी कडक लक्ष ठेवायला सांगितलंय. शिवाय तो सिगारेट ओढतो. अचानक सोडली तर औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, त्याचाही कोणाला अनुभव असेल तर सांगा.

मामा 'बाहेरचं' बघायला सांगतायत, आत्या लग्न लावून द्या म्हणते. ते सल्ले कृपया नकोत, घरात भरपूर आहेत.