नीट झाली नाय, आता बीएस्सीला नेमकं काय घेऊ?

मी लातूरची. नीट दोनदा दिली, नंबर लागला नाय, तिसऱ्यांदा द्यायची हिंमत नाय अन् क्लासची फीस भरायची घरच्यांची ऐपत पण नाय. आता बीएस्सी करायलेय. झूलॉजी घेऊ का मायक्रोबायोलॉजी, काहीच कळंना. मला किडे, मासे असलं लै आवडतं म्हणून झूलॉजीकडं ओढा हाय. पप्पा म्हणायलेत बायो करून लोकं शेवटी शाळेतच चिकटतेत. खरंय का?

वाळूजवाला: ताई मी मायक्रो करून वाळूजला औषधाच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासायच्या विभागात आहे. मीडिया म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य बनवायचं, जंतू मारायला ऑटोक्लेव्हला (वाफेच्या भांड्यात) १२१ डिग्रीवर लावायचं, प्लेटा ओतायच्या, मग टोपी-मास्क-गाऊन चढवून हवेत जंतू हायत का बघायला क्लीन रूममध्ये त्या उघड्या ठेवायच्या अन् इन्क्युबेटरमधून निघाल्या की कॉलन्या, म्हणजे उगवलेले जंतूंचे ठिपके मोजायचे, रोज हेच. जिथं एकपण नको तिथं एक कॉलनी उगवली की कागदं भरू भरू जीव जातो. नाईट शिफ्ट हायच. पण आमच्या लॅबला झूलॉजीवाला एकपण नाय, हे बघून ठेव.

गोदाकाठ: झूलॉजीला एवढं नावं नका ठेवू राव. मी तेच केलं, आता हैदराबादला पीएचडी करायलोय, सीएसआयआर नेट परीक्षेतून मिळालेली जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप हाय, महिन्याला ३७,००० अन् घरभाडं वेगळं. नेट निघाली दुसऱ्या खेपेला, तोवर गावात तोंड लपवून फिरलो ते सोडा. एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम परीक्षेचा बायोटेक पेपर नायतर गॅट-बी परीक्षा दे, दोन्हीत बारावीचं फिजिक्स-केमिस्ट्री येतं म्हणजे तुझं नीटचं वाचलेलं वाया नाय जात. मॅथ्स तेवढं नव्यानं काढावं लागंल.

खडूफळा: पप्पांचं अर्धं खरंय, कारण शाळेत चिकटायला पण बीएड लागतं. कॉलेजात शिकवायचं तर नेट नायतर सेट ही पात्रता परीक्षा, अन् ते असून मी चार वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर काढले, पैसे तासावर, उन्हाळ्यात शून्य, बिल कधी निघंल ते देवालाच माहीत. आणखी एक, अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या जाहिरातीत मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेकची डिग्री चालते, झूलॉजीची बीएस्सी नाय चालत. वनसेवेला मात्र झूलॉजी, बॉटनी चालतं. ह्या अटी आधी वाच अन् मग फॉर्म भर, आम्ही उलटं केलं.

लातूरची: मग मायक्रो मेजर (मुख्य विषय) अन् झूलॉजी मायनर (जोडविषय) जमंल का? कॉलेजात उद्या विचारून येते. पप्पांना ३७ हजारवालं वाचून दाखवलं, काही बोलले नाईत, फक्त चष्मा लावून मोबाईल हातात घेतला अन् परत स्वतः वाचलं.