शब्द हवा: ग्रिड, पोर्टल, वर्कफ्लो आणि मुख्य म्हणजे रिसोर्स डिस्कव्हरी

पंचगंगाकाठ:
नमस्कार. मी कोल्हापुरात भौतिकशास्त्रात पीएचडी करतेय. विज्ञान दिनाला तालुक्यातल्या एका कॉलेजात मराठीतून बोलायचं आहे. शास्त्रज्ञ आपली अवजड गणितं दुसऱ्यांच्या, दूरदूरच्या कॉम्प्युटरवर कशी चालवतात, हा विषय. टिपणं काढायला बसले आणि वर दिलेल्या चार शब्दांवर अडले. शेवटी 'जालिका संगणन', 'प्रवेशद्वार', 'कार्यप्रवाह', 'संसाधन शोध' असं लिहून टाकलं आणि बाबांना वाचून दाखवलं. ते जेवत होते. 'संसाधन शोध' ऐकून म्हणाले, "कशाला, बोअर मारायचाय का कुठं?"
तेव्हा मदत करा.

मुळाक्षर:
जालिका संगणन अगदी योग्य आहे, बदलू नका. नवा शब्द पहिल्यांदा खटकतोच. 'महापौर' आणि 'दिनांक' सावरकरांनी दिले, आज त्यांवर कोण अडखळतं? 'संसाधन' मात्र हिंदीच्या वाटेनं आलंय. मराठीत 'साधनसामग्री' असताना ते कशाला? 'साधनशोध' करा.

निवृत्त वायरमन:
ताई, ग्रिडला हात लावू नका. आमच्याकडं शेंबड्या पोरालासुद्धा 'ग्रीड गेलं' म्हणजे काय ते कळतं. आणि तुमच्या लोकांनी शब्द आमच्याकडनंच उचललाय. घरात बटण दाबलं की दिवा लागतो. ती वीज कोयनेची का चंद्रपूरची, कुणी विचारत नाही. तसंच गणिताचं व्हावं, ही कल्पना. जालिका म्हटलं की मला माशाचं जाळं दिसतं.
जाता जाता सांगतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेकडं अंधार झाला, तेव्हा आपलं पश्चिमेचं ग्रीड तगलं. आणि दक्षिणेचं ग्रीड बाकी देशाशी एका तालात आलं ते ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनवर. सोलापूरवर! हे कुणी पोरांना सांगत नाही.

सर्व्हरराखण्या:
काकांचं बरोबर आहे. इयन फॉस्टर, कार्ल केसलमन या मंडळींनी १९९० च्या दशकात हा शब्द रुळवला तो वीजजाळ्यावरूनच. ग्रिड ठेवा.
पण काका, तुमची उपमा जिथं लंगडी पडते तिथंच ताईंचा अवघड शब्द आहे. वीज कुठूनही आली तरी वीजच, ५० हर्ट्झ. कॉम्प्युटरचं तसं नसतं. एकाकडं मेमरी भरपूर पण प्रोसेसर जुना, दुसऱ्याकडं जीपीयू (ढीगभर आकडेमोड एकदम करणारी चिप) आहे पण तो रात्रीच मोकळा, तिसऱ्याकडं सगळं आहे पण आपल्याला लागणारी लायब्ररीच (तयार प्रोग्रॅमचा संच) टाकलेली नाही. म्हणून काम पाठवायच्या आधी कुणाकडं काय आहे, ते आत्ता मोकळं आहे का आणि ते आपल्याला देतील का, हे बघावं लागतं. ही रिसोर्स डिस्कव्हरी. 'शोध' म्हटलं की हरवलेलं किंवा जमिनीत पुरलेलं काहीतरी वाटतं, म्हणून तर बाबांना बोअर आठवला.
माझा शब्द: स्थळं बघणं.
हसू नका. ग्रिडमधल्या प्रत्येक केंद्राला इंग्रजीत साइट म्हणतात, म्हणजे स्थळच की. आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८ पासून चालत आलेली कॉन्डोर नावाची प्रणाली आहे (२०१२ पासून एचटीकॉन्डोर), तिच्यात कामाची आणि मशीनची गाठ घालून द्यायच्या प्रकाराला मॅचमेकिंग हेच अधिकृत नाव आहे. काम आपली जाहिरात देतं, मशीनही आपली देतं. दोघांच्या जाहिरातीत एक रकाना अटींचा आणि एक पसंतीचा. अट म्हणजे 'मेमरी ३२ जीबीच्या खाली चालणार नाही', पसंती म्हणजे 'त्यातल्या त्यात वेगवान असेल तर बरं'. आणि अटी मशीनच्याही असतात: 'मालक कीबोर्डला हात लावत नसेल तेव्हाच', 'आमच्याच विभागातलं काम आधी'. मध्यस्थ दोन्ही बाजूंच्या अटी जुळतात का बघतो, दोघांना एकमेकांचा पत्ता देतो आणि बाजूला होतो. पुढची बोलणी थेट.
ही थेट बोलणी का लागतात, ते माझ्या अंगावर आलं तेव्हा कळलं. एका संस्थेच्या माहितीफलकावर ६४ कोअर (प्रोसेसरमधले गणित करणारे भाग) मोकळे दिसत होते. मी संध्याकाळी ३०० कामं सोडली आणि घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर सगळी जागच्या जागी. फोन केला. तिकडचे म्हणाले, एसी बिघडला म्हणून शुक्रवारीच मशीन बंद केलीय. फलकावर शुक्रवार दुपारची माहिती तशीच लटकत होती. मुलीचं लग्न होऊन गेलं तरी नाव वधू-वर मंडळाच्या वहीत, त्यातला प्रकार. कॉन्डोरमध्ये यावर साधा इलाज आहे: ठरलेली वेळ कुणी मुद्दाम बदलली नसेल तर मशीन दर पाच मिनिटांनी जाहिरात नव्यानं देतं, आणि पंधरा मिनिटं खबर आली नाही की नाव वहीतून जातं.

मुळाक्षर:
परिभाषेत 'स्थळं बघणं'? शासनाच्या कोशात हे छापून आलेलं डोळ्यांसमोर आणून पाहा.

सर्व्हरराखण्या:
कोशात तुमचं 'साधनशोध' घाला, माझी हरकत नाही. पोरांसमोर स्थळं.

पंचगंगाकाठ:
मला एकदम पटलं. मुळाक्षर सर, 'संसाधन' मी खोडलं बरं का. आता वर्कफ्लो?

गुळव्याचा नातू:
यात विचार कसला करायचा, गुऱ्हाळ!
मी कागलकडचा. आजोबा गुळव्या होते. चरकातनं रस मांदणात पडतो, मांदणातला काहिलीत, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ. भेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येते, ती काढत राहायची. मग आजोबा पाकाचा थेंब पाण्यात सोडून बोटांत गोळी वळून बघायचे. गोळी झाली की लगेच काहील उतरवून वाफ्यात. एक काम झाल्याशिवाय दुसरं नाही, पण पहिलं आधण कढत असताना दुसऱ्या आधणाचा ऊस चरकात असतोच. आणि आजचं चिपाड आज जळत नाही, ओलं असतं. जाळायला आधीचं वाळलेलं लागतं. कुठलं काम कशावर अडतंय, हे ज्याच्या डोक्यात पक्कं तो गुळव्या. तुमचं वर्कफ्लोचं सॉफ्टवेअर म्हणजे हेच ना?

सर्व्हरराखण्या:
भावा, नाद खुळा! अगदी हेच. कॉन्डोरसोबत येणारं डॅगमॅन हेच करतं: 'हे झाल्यावर ते' अशी यादी द्यायची, तो क्रमानं कामं सोडतो, आणि जी एकमेकांवर अडत नाहीत ती एकाच वेळी. मधेच काही पडलं तर झालेली कामं वगळून उरलेल्यांची नवी यादी लिहून ठेवतो, म्हणजे पहिल्यापासून ऊस गाळायला नको. (रस मात्र तोवर आंबतो. फाइल आंबत नाही, एवढं आपलं नशीब.)
ताई, उदाहरण हवं तर गुरुत्वीय लहरींचं घ्या. ११ फेब्रुवारी २०१६ ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेनं त्यांचा शोध जाहीर केला, त्यामागच्या विश्लेषणात पेगॅसस नावाचं असंच वर्कफ्लो सॉफ्टवेअर होतं. आणि लायगो-इंडियाची वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात होतेय. नावांची मात्र गंमत आहे. कॉन्डोर म्हणजे अमेरिकेतलं गिधाड, पेगॅसस पंखांचा घोडा, आपल्या सी-डॅकच्या राष्ट्रीय ग्रिडचं नाव गरुड. सगळं उडणारंच.

मुळाक्षर:
गुऱ्हाळाला माझा ठाम विरोध. 'चर्चेचं गुऱ्हाळ' म्हणजे न संपणारी बडबड. ऐकणाऱ्याला तोच अर्थ आधी सुचणार. शिवाय डॅगमॅनसारख्या वर्कफ्लोची मूळ अटच अशी की आकृतीत फेरा नसावा, काम फिरून स्वतःवरच येऊन थांबता कामा नये. आणि तुम्ही घाण्याची उपमा देताय!

गुळव्याचा नातू:
हे बाकी खरं हाय.

सर्व्हरराखण्या:
मान्य, सर. शब्द म्हणून 'कामाची साखळी' ठेवा, समजावताना गुऱ्हाळ सांगा. 'कार्यप्रवाह' नको. प्रवाह आपोआप वाहतो, हे आपोआप होत नाही.
पोर्टलला 'प्रवेशद्वार' म्हटलंत तर कोल्हापुरात सगळ्यांना महाद्वार रोड आठवेल. पोर्टलच म्हणा, नाहीतर 'एक खिडकी'. सरकारी शब्द आहे, पण लोकांनी घेतलाय. संशोधकानं एका वेबपानावर आकडे भरायचे, मागं काम कुठल्या मशीनवर गेलं त्याचा त्याला पत्ता नाही. फक्त पोर्टलनं आपल्या नावानं दहा ठिकाणी जायचं म्हणजे आपली ओळख त्याच्या हाती द्यावी लागते. त्यासाठी प्रॉक्सी सर्टिफिकेट असतं. ग्लोबस नावाच्या ग्रिडच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची नेहमीची मुदत बारा तास असायची. त्याला 'मुदतीचं मुखत्यारपत्र' म्हणा. जमिनीच्या कामात मुरलेल्या गावात वेगळं समजवायला लागणार नाही: मूळ कागद आपल्याजवळ, मुखत्याराला मर्यादित अधिकार, मुदत संपली की कागद रद्दी.

पंचगंगाकाठ:
मुखत्यारपत्र ऐकून बाबा ताट बाजूला सारून बसले. वाडीच्या जमिनीचा सगळा इतिहास निघाला, अर्धा तास गेला. पण समजलं त्यांना. स्थळांचंही समजलं. मग म्हणाले, "ते सगळं ठीक. मानपान कोण बघतं? एकच पाहुणा रोज जेवायला यायला लागला तर?"

सर्व्हरराखण्या:
बाबांना नमस्कार सांगा. याला आपल्याकडं शब्द आहे, पैरा. तुमची बैलं आज माझ्याकडं, माझी उद्या तुमच्याकडं, आणि कुणाचा किती फेडायचा राहिलाय हे सगळ्यांच्या ध्यानात. कॉन्डोर तेच करतं. ज्यानं जास्त मशीन वापरली त्याचा नंबर पुढच्या वेळी मागं. फक्त ते गावापेक्षा लवकर विसरतं: मुद्दाम बदललं नसेल तर जुन्या वापराचा भार दर दिवसाला निम्मा होत जातो.