इंदूर लोकसभा : महू आपल्याकडे का नाही, आणि जुने आकडे जुळत का नाहीत?

लोखंडे_पूल
मंडळाच्या स्मरणिकेसाठी इंदूर लोकसभा क्षेत्रावर चार पानांचं टिपण करायचं आहे : एक नकाशा, १९५२ पासूनचे खासदार आणि विधानसभावार मतांचा तक्ता. तीन ठिकाणी गाडी अडली आहे. (१) महू इंदूर जिल्ह्यात, इथून जेमतेम तासाभरावर, तरी लोकसभेला धारमध्ये. कारण काय? (२) 'इंदूर-३'चे २००३ आणि २००८ चे आकडे शेजारी-शेजारी मांडले तर चालेल का? (३) आठही विधानसभांची मतं जोडली की बेरीज उमेदवाराच्या जाहीर मतांपेक्षा थोडी कमी भरते. चूक माझी की कागदांची?

हल्का_नंबर_९
महूचं उत्तर बेरीज-वजाबाकीत आहे. मध्य प्रदेशात विधानसभेच्या २३० जागा, लोकसभेच्या २९. म्हणजे एका खासदारामागे साधारण आठ विधानसभा. शिवाय नियम असा की एक विधानसभा पूर्णपणे एकाच लोकसभेत बसली पाहिजे, ती अर्धी-अर्धी वाटता येत नाही.

आता इंदूर जिल्हा मोजा. विधानसभा क्षेत्रांच्या अनुक्रमांकांनुसार देपालपूर २०३, इंदूर-१ ते ५ म्हणजे २०४ ते २०८, महू २०९, राऊ २१०, सांवेर २११. झाल्या नऊ. एक बाहेर जाणारच. तिकडे धार जिल्ह्यात आहेत सात : सरदारपूर, गंधवानी, कुक्षी, मनावर, धरमपुरी, धार, बदनावर. त्यांना एक कमी पडते, आणि इंदूरच्या नऊपैकी धारच्या हद्दीला लागून असलेली महू तिथे नेमकी बसते. नकाशात अनुक्रमांक लिहिताना २०८ नंतर थेट २१० येईल. छापणारा ती चूक समजून 'दुरुस्त' करून टाकतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

छावणीकर
पण धार ही अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा आहे ना? आदिवासी मतदारांची संख्या भरून काढायला महू तिकडे टाकली, असं सर्रास बोललं जातं.

हल्का_नंबर_९
बोललं जातं खरं, पण उलटं आहे. जमातींची राखीव जागा ठरते ती त्यांच्या लोकसंख्येचं प्रमाण जिथे सर्वांत जास्त तिथे. धारच्या सातपैकी पाच विधानसभा (सरदारपूर, गंधवानी, कुक्षी, मनावर, धरमपुरी) राखीव आहेत. महू स्वतः सर्वसाधारण. ती जोडल्याने धारमधलं आदिवासी प्रमाण वाढत नाही, झालंच तर कमी होतं.

टिपणात एक वाक्य मात्र जरूर घाला, कारण घोळ इथेच होतो : महूचा मतदार कोणत्याही समाजाचा असो, लोकसभेला मत देतोच, राखीव असतो तो उमेदवार. आणि क्षेत्राचं अधिकृत नाव 'डॉ. आंबेडकर नगर-महू' आहे, नुसतं महू लिहू नका. बाबासाहेबांचा जन्म तिथलाच, १४ एप्रिल १८९१.

फॉर्म_वीस
दुसऱ्या प्रश्नाला सरळ 'नाही'. नाव तेच, जमीन वेगळी. १९७७ पासून २००४-०५ पर्यंतच्या निवडणुका १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या सीमांवर झाल्या. न्या. कुलदीप सिंह यांच्या मतदारसंघ पुनर्रचना आयोगाने २००१ ची जनगणना धरून नव्या सीमा आखल्या. आपल्याकडे त्या २००८ च्या विधानसभेला आणि २००९ च्या लोकसभेला पहिल्यांदा लागू झाल्या. राऊ हे नवं क्षेत्र तेव्हाचं. बिजलपूर, राजेंद्रनगरकडची वस्ती त्यात गेली आणि शहराच्या जागांचे आकार बदलले. तक्त्यात २००८ च्या वर जाड रेघ मारा आणि रेघेच्या दोन्ही बाजूंची वजाबाकी करूच नका.

लोकसभेतही हा सापळा आहे. सुमित्राताई महाजनांचं मताधिक्य २००४ मध्ये १,९३,९३६ होतं, २००९ मध्ये ११,४८०. यावर 'लाट ओसरली' असं लिहिण्याचा मोह होतो. पण मधे सीमा हलल्या आहेत, त्यामुळे किती मतं खरंच फिरली आणि किती नुसती रेघेपलीकडे गेली, हे या दोन आकड्यांवरून कळत नाही. २००९ पासून पुढे मात्र तुलना रास्त आहे : २०१४ ला ४,६६,९०१ आणि २०१९ ला, उमेदवार बदलून शंकर लालवानी आल्यावर, ५,४७,७५४.

तिसरा प्रश्न : चूक कोणाचीच नाही. टपाली मतं विधानसभावार वाटली जात नाहीत, ती लोकसभेच्या एकूण बेरजेत शेवटी मिळवतात. फॉर्म २० म्हणजे निकालाच्या अंतिम पत्रकात त्यांची ओळ वेगळी असते. तक्त्यात 'टपाली' असा नववा रकाना करा, बेरीज जुळेल. नाही जुळली तर टंकनदोष शोधा. जुन्या पीडीएफमध्ये कृतिदेव हा जुना, युनिकोड नसलेला फाँट असतो, मजकूर उचलला की अक्षरांचा चिवडा होतो. आकडे हाताने टाका, मग आडवी आणि उभी दोन्ही बेरीज तपासा.

लोखंडे_पूल
मग २००३ ची तुलना करायचीच असेल तर काही मार्ग? एखाद्या मोहल्ल्यापुरती तरी?

फॉर्म_वीस
मोहल्ल्यापुरती होते, मेहनत आहे. मतदान केंद्राच्या क्रमांकावर विसंबू नका. एका केंद्रावर मतदार ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की केंद्र फोडून नवं करत (२०२५ मध्ये ही मर्यादा १,२०० वर आणली), आणि पुढचे सगळे क्रमांक सरकत. आधी जुनी आणि नवी मतदार यादी घ्या. यादीच्या प्रत्येक भागात अनुभाग (पोटभाग) असतात, त्यांत गल्लीची, कॉलनीची नावं असतात. त्या नावांवरून भाग जुळवा, मग केंद्राच्या इमारतीवरून खात्री करा. शाळा सहसा तीच राहते, खोली बदलते. दोन्ही जुळलं तरच तो भाग तक्त्यात घ्या. अर्धा जुळला तर सोडून द्या.

आणखी एक : २००८ च्या पुनर्रचना आदेशात शहराची हद्द वॉर्ड क्रमांकांनी दिली आहे, ते ६९ वॉर्ड असतानाचे. आज महापालिकेचे वॉर्ड ८५ आहेत. आजचा वॉर्ड-नकाशा त्या आदेशावर ठेवून रंगवला तर अख्खी कॉलनी भलत्याच आमदाराच्या पदरी पडते. ग्रामीण भागात पटवारी हल्क्यांचं (आपल्याकडच्या तलाठी सजांचं) तसंच.

मिल_का_भोंगा
खासदारांची यादी देतो. १९५२ नंदलाल जोशी (तेव्हा इंदूर मध्यभारत राज्यात होतं), १९५७ कन्हैयालाल खादीवाला, १९६२ होमी दाजी, १९६७ आणि १९७१ प्रकाशचंद्र सेठी. सेठी १९७२ च्या जानेवारीत मुख्यमंत्री झाले, म्हणून पोटनिवडणूक, त्यात रामसिंह भाई. ही ओळ बहुतेक याद्यांत गळते. १९७७ कल्याण जैन, १९८० आणि १९८४ पुन्हा सेठी. १९८९ पासून २०१४ पर्यंत सलग आठ वेळा सुमित्रा महाजन, पहिल्याच वेळी सेठींना हरवून. २०१९ आणि २०२४ लालवानी.

यातलं दाजींचं नाव नीट उलगडा. ते कम्युनिस्ट नेते, पण १९६२ ला अपक्ष म्हणून निवडून आले. पक्षाच्या रकान्यात 'भाकप' लिहिलं की तपासणारे बोट ठेवतात. रामसिंह भाईही कामगार नेतेच, मात्र काँग्रेसप्रणीत इंटक या कामगार संघटनेचे. म्हणजे एका टप्प्यात ही जागा गिरण्यांच्या भोंग्यावर चालत होती. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. परदेशीपुरा, नंदानगरचा तो गिरणी-पट्टा आज इंदूर-२ मध्ये आहे आणि भाजपच्या सर्वांत पक्क्या जागांपैकी एक आहे. रमेश मेंदोला तिथून २००८ पासून सलग चार वेळा. हा पालट नुसत्या मताधिक्याच्या रकान्यांपेक्षा जास्त वाचनीय होईल.

हल्का_नंबर_९
२०२४ ला स्वतंत्र चौकट द्या, तक्त्यात मिसळू नका. माघारीच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला. लालवानींना १२,२६,७५१, 'नोटा'ला २,१८,६७४, दुसऱ्या क्रमांकावरच्या बसप उमेदवाराला ५१,६५९. मताधिक्य ११,७५,०९२ येतं ते बसपच्या उमेदवाराशी तोलून. 'नोटा' दुसरा आला, असं मथळ्यात लिहिलं तरी निकालाच्या हिशेबात तो उमेदवार नाही. अनामत वाचवायला लागणाऱ्या एक-षष्ठांशातही 'नोटा' धरत नाहीत, आणि तो वगळूनही विजेता सोडून बाकी सगळ्यांची अनामत गेली. २०१९ शी टक्केवारीची तुलना इथे निरर्थक आहे, कारण समोरचा मुख्य पक्ष मतपत्रिकेवरच नव्हता.

लोखंडे_पूल
टपाली रकाना घालून २०१९ ची बेरीज बरोबर जुळली. वॉर्डांचा रंगवलेला नकाशा काढून टाकतो.